विज्ञानाच्या दारावर आमची मुले उशिरा का पोहोचतात?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो. वस्तीत पेढे वाटले जातात, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो, विहारात गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, पुस्तक आणि बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते. सात-आठ वक्ते 'खूप शिका, मोठे व्हा' असे सांगून घरी जातात. आणि दुसऱ्या दिवशी त्या गुणवंताचा बाप वस्तीतल्या शिकल्यासवरल्या माणसाला गाठून विचारतो, "साहेब, पोराले सायन्समंदी बाहत्तर टक्के पडले. आता त्याले कुठं टाकू?"

यवतमाळ जिल्ह्यात वकिली आणि चळवळीचे काम करताना हा प्रश्न आम्ही दरवर्षी ऐकतो. वणीला ऐकतो, उमरखेडला ऐकतो, आर्णी-दिग्रसला ऐकतो. प्रश्न साधा आहे. पण आमच्या मागे राहण्याचे एक मोठे कारण त्यातच दडलेले आहे. ज्या दिवशी हा प्रश्न विचारला जातो, त्या दिवसापर्यंत बहुतेक चांगली दारे बंद झालेली असतात. नीटचे अर्ज केव्हाच भरून झालेले असतात. जेईई मेनच्या जानेवारी आणि एप्रिलच्या दोन्ही फेऱ्या उरकलेल्या असतात. एमएचटी-सीईटी होऊन गेलेली असते. आयसरच्या अर्जाची मुदत संपलेली किंवा संपत आलेली असते. मग हातात काय उरते? जवळचे कॉलेज, नाहीतर एजंटाने दाखवलेले कॉलेज!

मृगात पेरायचे बी पोळ्याला शोधायला निघालेल्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणू काय? पण लेकराच्या शिक्षणाच्या बाबतीत आपला सारा समाज वर्षानुवर्षे हेच करीत आला आहे. यात त्या बापाचा दोष नाही. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी विज्ञान शिकलेलेच नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक आहेत त्यांच्या मुलांना या तारखा जेवणाच्या ताटावर कळतात. आमच्या मुलांना त्या कळवण्याची जबाबदारी चळवळीची आहे, आणि ती चळवळीने अजून पुरती उचललेली नाही.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये काय मागितले?

बाबासाहेब १९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. त्या निवेदनातला शिक्षणाचा भाग आमच्या तरुणांनी मुद्दाम काढून वाचावा. बाबासाहेब तिथे स्पष्टपणे मांडतात की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचा फारसा उद्धार होणार नाही. त्यांना गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या वरच्या दर्जाच्या शिक्षणाची. हे शिक्षण महाग असल्यामुळे आपले लोक मुलांना नाइलाजाने कला आणि कायद्याकडे पाठवतात, हेही त्यांनी नोंदवले. म्हणून देशातल्या संस्थांत विज्ञान-तंत्रशास्त्र शिकण्यासाठी आणि परदेशी जाण्यासाठी मिळून वर्षाला ३ लाख रुपयांची मागणी त्यांनी सरकारपुढे ठेवली. आज आमची मुले जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात, तिची सुरुवात १९४४ ची आहे.

स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! आम्हीही कायद्याचेच पदवीधर आहोत, काळा कोट घालून पोट भरतो. कायद्याचे मोल आम्ही जाणतो. पण ज्या समाजात वकील पुष्कळ आणि रसायनशास्त्रज्ञ बोटावर मोजण्याइतके, त्या समाजाला आपल्याच गावातल्या विहिरीच्या पाण्यात काय आहे हे दुसऱ्याला विचारावे लागते, हेही आम्ही रोज पाहतो.

हे अलंकारिक बोलणे नाही. आमच्या जिल्ह्यात पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणीकडच्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. ते पाणी पिणारा कोण? गोंड, कोलाम, बौद्ध, शेतमजूर. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन मजुरीने फवारणारा माणूस कोणत्या वस्तीतला असतो हे आम्ही सांगायला नको. विषबाधेच्या रुग्णांची आवश्यक रक्ततपासणी करण्याची सोय त्या वेळी यवतमाळात नव्हती, हा मुद्दा तेव्हा चौकशीत पुढे आला. विषशास्त्र, मृदाशास्त्र, जलरसायन हे विषय आमच्या मुलांनी शिकायचे नाहीत तर कुणी शिकायचे?

डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि मधे काहीच नाही?

आमच्या घरांत विज्ञान शाखेचा अर्थ दोनच शब्दांत सांगितला जातो. डॉक्टर किंवा इंजिनिअर. नीटमध्ये गुण कमी पडले, सीईटीत पर्सेंटाइल घसरला, की मुलगा 'फेल' ठरतो. मग त्याला मिळेल त्या कॉलेजात बीएस्सीला टाकायचे आणि लगेच स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला बसवायचे. ज्या पोराला तारे बघायची ओढ होती, बेडकाचे हृदय कसे चालते हे पाहायचे होते, गणिताचे कोडे सुटेपर्यंत झोप येत नव्हती, तो तलाठी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसतो. तलाठ्याची नोकरी वाईट नाही. पण त्या मुलाला निवडीची संधी मिळालीच नाही, हे वाईट आहे.

विज्ञानाची ओढ असलेल्या मुलासाठी देशात आणखी दारे आहेत. पुण्याची आयसर २००६ मध्ये सुरू झाली. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर अशा सात आयसरांत बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आयसरची स्वतःची अभिरुची चाचणी असते. तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या परिसरातले अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे. रसायन तंत्रज्ञानासाठी १९३३ साली स्थापन झालेली मुंबईची आयसीटी आहे. तिचे एक केंद्र २०१८ पासून जालन्यालाही आहे. नागपूरला १९४२ ची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात.

आता त्या बापाच्या बहात्तर टक्क्यांकडे पुन्हा पाहा. आयसरसाठी बारावीत सर्वसाधारण मुलाला ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला ५५. व्हीएनआयटीसारख्या एनआयटीसाठी आणि आयआयटीसाठी ७५ टक्क्यांची अट आहे. अनुसूचित जाती-जमातीसाठी ती ६५ आहे. म्हणजे बहात्तर टक्क्यांचा हा मुलगा या सगळ्या संस्थांच्या बारावीच्या अटीत बसत होता! तो प्रवेश परीक्षेत निवडला गेला असता की नाही, हा पुढचा प्रश्न. पण तो परीक्षेलाच बसला नाही, कारण अशी परीक्षा असते हे त्याला कुणी सांगितले नाही. केंद्रीय संस्थांतल्या १५ टक्के राखीव जागांसाठी आमच्या मागच्या पिढ्यांनी मोर्चे काढले. त्या जागांपर्यंत आमच्या खेड्यातला मुलगा अर्जही घेऊन पोहोचत नसेल, तर त्या मोर्चांचे चीज कोण करणार?

यादी दिवाळीत करा

आमचे सांगणे एवढेच आहे, की कॉलेजांची यादी बारावीच्या दिवाळीत तयार झाली पाहिजे. आणि विषयांचा विचार त्याच्याही आधी, अकरावीच्या प्रवेशावेळी. पुष्कळ मुले गणिताला घाबरून अकरावीतच गणित सोडतात. गणित सोडले की अभियांत्रिकी गेली, भौतिकशास्त्राचीही वाट अवघड झाली. ज्याला झेपेल त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तेव्हा दहावीच्या सुट्टीतच घरात बसून हे बोलणे झाले पाहिजे.

यादीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात देशपातळीच्या संस्था: आयआयटी, एनआयटी, आयसर, नायसर, एम्स. आपल्याला तिथे कोण घेणार, असे म्हणून हा भाग कोरा सोडू नये. घ्यायचे की नाही ते त्या संस्थेने ठरवू दे, आपणच आपल्याला नाकारायचे काही कारण नाही. दुसऱ्या भागात विदर्भ आणि महाराष्ट्रातल्या संस्था: अमरावतीचे १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, अमरावतीचीच १९२३ पासून चालत आलेली शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, नागपूरची शासकीय विज्ञान संस्था, दीक्षाभूमीवरचे १९६४ चे डॉ. आंबेडकर महाविद्यालय, अकोल्याचे कृषी विद्यापीठ. पुसद-उमरखेडच्या मुलाला नांदेड जवळ पडते. तिथे १९८१ पासूनची श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. वणीच्या मुलाने चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकीचाही विचार करावा. तिसऱ्या भागात जिल्ह्यातली कॉलेजे: १९८९ पासूनचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यवतमाळचे शासकीय अभियांत्रिकी, कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय, पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी, आणि बीएस्सीसाठी यवतमाळचे अमोलकचंद, पुसदचे फुलसिंग नाईक, वणीचे लोकमान्य टिळक ही महाविद्यालये.

जिल्ह्यातच बीएस्सी करावी लागली म्हणून कुणी खचून जाऊ नये. घरची परिस्थिती, आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, कारणे खरी असतात. बीएस्सीनंतर जॅम ही परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येते. म्हणजे दार तीन वर्षांनी पुन्हा एकदा उघडते. पण ते उघडते हे पहिल्या वर्षापासून माहीत असलेला मुलगाच त्याची तयारी करतो. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या हुशार मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ८० हजारांची. हे नाव आमच्या किती शिक्षकांनी वर्गात उच्चारले असेल?

ऐकीव गोष्टीवर कॉलेज निवडू नका

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले होते, की परंपरेने आले म्हणून, कुणी मोठ्याने सांगितले म्हणून, ऐकले म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासून पाहा. कॉलेज निवडताना आमचे लोक नेमके उलटे करतात. मामाच्या पोराने घेतले म्हणून, फलकावर मोठा फोटो होता म्हणून, दारात गाडी घेऊन माणूस आला म्हणून प्रवेश घेतात.

दर उन्हाळ्यात गावोगाव एजंट फिरतात. "एक रुपया फी नको, शिष्यवृत्ती सरकार देते, फक्त ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट द्या," असे गोड बोलतात. त्या कॉलेजात प्रयोगशाळा आहे की नाही, शिकवायला माणूस आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीवर काही संस्थाचालकांनी आपले इमले उभे केले. या शिष्यवृत्तीतल्या गैरप्रकारांची चौकशी करायला राज्य सरकारला २०१६ मध्ये विशेष पथक नेमावे लागले. एकदा मूळ कागद त्यांच्या कपाटात गेले, की मुलाला दुसरीकडे चांगली जागा मिळाली तरी सुटका होत नाही. हे बेकायदेशीर आहे. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करावे, असा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेला आहे. तेव्हा पडताळणीसाठी मूळ कागद दाखवा, सोडून येऊ नका.

कॉलेजात जा आणि पाहा. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ आहे काय? भौतिकशास्त्राचे कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? गेल्या तीन वर्षांत इथून एमएस्सीला, संशोधनाला किती मुले गेली? वसतिगृह आहे काय? आणि आणखी एक प्रश्न, जो फक्त आमच्याच मुलांना विचारावा लागतो: इथे अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे काय, आणि तो कागदावर आहे की चालू आहे?

हा प्रश्न का, ते वाचकांना ठाऊक आहे. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदावर डॉ. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ चा आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ही नावे ऐकून आईबाप घाबरतात आणि लेकराला दूर पाठवायला नको म्हणतात. त्यांची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. पण भीतीपोटी आम्ही त्या संस्थांतून मागे फिरलो, तर ज्यांना आम्ही तिथे नको आहोत त्यांचेच काम सोपे होईल. मुलाला एकट्याला पाठवू नये, एवढा धडा घ्यावा. तिथल्या आंबेडकरी विद्यार्थी मंडळाचा पत्ता, तिथे शिकणाऱ्या एखाद्या आपल्या मुलाचा फोन नंबर हातात ठेवूनच त्याला गाडीत बसवावे.

शिकवणीच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावेत. नाव गावच्या कॉलेजात आणि देह नागपूर, अकोला, नांदेड, लातूरच्या क्लासमध्ये, अशी 'टायअप'ची पद्धत बोकाळली आहे. बाप शेत गहाण टाकून लाखभर रुपये भरतो आणि मुलगा दोन वर्षांत एकदाही ब्युरेट हातात धरत नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलाने प्रयोगच केला नाही, तर तो शिकला काय?

कागद आधी, अर्ज नंतर

आता वकील म्हणून थोडे सांगतो. आमच्या मुलांच्या जागा गुणांअभावी जातात त्याहून जास्त कागदांअभावी जातात, असे आमचे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्ती कायद्याने मिळाल्या. पण केंद्राच्या यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' ही जात नाही. तिथे मूळ जातीचे नाव आहे. त्यामुळे राज्याच्या कामाला चालणारा दाखला केंद्रीय संस्थेत अडू शकतो. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला, ज्यात मूळ जात आणि बौद्ध धर्म दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहेत, तो उपविभागीय अधिकाऱ्याकडून आधीच काढून ठेवावा. मुलाच्या टीसीवर नुसते 'बौद्ध' असेल तर आजोबा-पणजोबांचा पुरावा लागतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या राहण्याचा पुरावा शोधावा लागतो. जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल, कोतवाल बुकाची नक्कल मिळवायला महिने लागतात. निकालानंतरच्या आठ दिवसांत सेतू केंद्रासमोर रांग लावून हे होत नाही.

राज्याच्या व्यावसायिक प्रवेशांसाठी जात पडताळणी लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे गेला पाहिजे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, हे सगळे जानेवारीपर्यंत एका पिशवीत असावे. आमच्या बंजारा बांधवांनी लक्षात ठेवावे, की राज्यात ते विमुक्त जातीत येतात, पण केंद्रात ओबीसीत. दोन्हीकडचे दाखले वेगळे. गोंड, कोलाम, आंध मुलांची पडताळणी आदिवासी विभागाच्या समितीकडे होते आणि तिथे वेळ अधिक लागतो. त्यांनी तर दहावीपासूनच सुरुवात करावी.

पैशाचेही तसेच. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. साडेसतरा हजार रुपये भरायला काही मिनिटे उशीर झाला आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ वापरून ती परत मिळवून दिली. नोव्हेंबर २०२१ मध्येही मुंबई आयआयटीच्या अशाच एका दलित मुलाला त्याच न्यायालयाने न्याय दिला होता. त्याचे पैसे कार्डावरून भरले गेले नव्हते. निकाल चांगले आहेत. पण झरी-जामणीतून दिल्लीपर्यंत न्याय मागायला किती जण जाऊ शकतात? साडेसतरा हजार रुपये आणि एक चालू बँक खाते वेळेवर तयार ठेवणे, हे सर्वोच्च न्यायालयात जाण्यापेक्षा सोपे आहे. गावातल्या दहा नोकरदारांनी ठरवले तर हा प्रश्न एका संध्याकाळी सुटतो.

आणि खर्चाला घाबरून कुणी मोठ्या संस्थेचे नाव यादीतून खोडू नये. आयआयटी-एनआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना शिकवणी शुल्क माफ असते. केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती ठरावीक नामांकित संस्थांसाठी आहे, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख असली, तरी त्यावरच्यांना राज्यात फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६० हजार रुपये देणारी म्हणून सुरू झाली. हे पैसे वेळेवर येत नाहीत, त्यासाठी समाजकल्याण कार्यालयासमोर बसावे लागते, हेही खरे. तो संघर्ष आम्ही करू. पण जो मुलगा अर्जच करीत नाही, त्याच्यासाठी संघर्ष कसा करायचा?

काही जण म्हणतील...

चळवळीतले काही मित्र म्हणतील, की समाजाला कलेक्टर हवेत, आमदार हवेत, सत्ता हवी; प्रयोगशाळेत बसून क्रांती होत नाही. सत्तेचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पण मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पाणी आणि वीज ही खाती कशी हाताळली ते पाहा. दामोदर खोऱ्याची योजना, देशाच्या जलमार्ग व सिंचनाचा आयोग, या कामांत त्यांना इंजिनिअरांची गरज पडली. आमचा माणूस खुर्चीवर बसला आणि त्याला सल्ला देणारे सगळे तज्ज्ञ दुसरीकडचे असले, तर त्या खुर्चीची किंमत अर्धीच राहते.

दुसरे काही जण म्हणतील, की मुलगी आहे, तिला इतक्या लांब कशाला? ज्या समाजाने सावित्रीमाईंचे नाव घेतले त्याने हा प्रश्न विचारू नये. मुलगा नागपूरला क्लासला आणि मुलगी गावच्या कॉलेजात, ही वाटणी बंद झाली पाहिजे. तिचीही यादी तीन भागांचीच असेल.

विहारात एक टेबल

मग करायचे काय? आम्ही मोठी योजना मांडत नाही. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एका विहारात, दिवाळीपासून पुढे दर रविवारी दोन तास, एक टेबल मांडा. तिथे एक शिक्षक, एक वकील, इंटरनेट असलेला एक तरुण आणि कुठल्याही चांगल्या संस्थेत शिकत असलेला आपला एक मुलगा किंवा मुलगी बसवा. ते फोनवर बसले तरी चालेल. भिंतीवर परीक्षांच्या तारखांचा तक्ता लावा. बारावीच्या प्रत्येक मुलाचे नाव वहीत लिहा, त्याच्यापुढे तीन भागांची यादी लिहा, कोणता दाखला बाकी आहे ते लिहा. १४ एप्रिलच्या वर्गणीतला काही भाग परीक्षेच्या अर्जांसाठी आणि प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यासाठी बाजूला काढा. मिरवणुकीतला एक डीजे कमी झाला तर जयंती लहान होत नाही.

सरकारकडेही मागणी हवी. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीची शिबिरे जून-जुलैऐवजी नोव्हेंबरमध्ये, कनिष्ठ महाविद्यालयांतच घ्या. आयसर, नेस्ट, जॅमची माहिती प्रत्येक आश्रमशाळेत आणि शासकीय वसतिगृहात लावा. तासिका तत्त्वावर चालणाऱ्या विज्ञान शाखांत कायम प्राध्यापक भरा. या मागण्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला आम्ही तयार आहोत. तुम्ही सह्या करायला या.

'शिका' हा बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द आहे. काय शिकायचे, कुठे शिकायचे आणि त्यासाठी कधी निघायचे, हे आता आपण ठरवायचे आहे. यंदा ज्यांची मुले बारावीत आहेत त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आजच एक कोरा कागद घ्यावा आणि लेकराला समोर बसवून पहिले नाव लिहावे.

जयभीम!